सोडलेला घास आणि न मिळालेला घास

मागील हिवाळ्यांत एका रविवारीं आम्ही अजिंठ्याचा घाट उतरून लेण्यांच्या वाटेवरील एका लहानशा खाणावळींत बसलों होतों. लेणीं पाहून आलेलें शहरांतील एक तरुण जोडपें तेथें जेवावयास आलें. त्यांनीं खाणावळवाल्या बाईंना बजावलें कीं, आम्हांस मांस नको, अंडें नको, दूध-दही-तूप नको, मधसुद्धां नको. जनावरापासून आलेली कोणतीही वस्तु ताटांत येऊं देऊं नका. बाई क्षणभर विचारांत पडल्या. मग त्यांनीं कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा असें ताट पुढें ठेवलें. पाहुणे बोटें चाटून जेवले. जातांना त्या तरुणानें विचारलें, "मावशी, हा व्हीगन स्वयंपाक तुम्ही कोठें शिकलांत?" बाई म्हणाल्या, "आवं दादा, हे तं आमचं रोजचंच हाये. याला बी नाव असतं का?"

जोडपें हसलें, आम्हीही हसलों. पण तें हसूं फार वेळ टिकलें नाहीं. त्याच बाईंच्या मागील दारीं म्हैस बांधलेली होती. तिचें दूध पहाटेच डेअरीच्या कॅनांत गेलें होतें, आणि बाईंचा पांच-सहा वर्षांचा नातू चुलीपाशीं बसून कोऱ्या चहांत भाकरी बुडवून खात होता. एका छपराखालीं दोन ताटें होतीं. दोन्हींत दुधाचा थेंब नव्हता. एकानें तो विचारपूर्वक सोडला होता. दुसऱ्याला तो मिळालाच नव्हता. या दोन ताटांतील अंतर पुष्कळ शहाण्या माणसांच्याही ध्यानांत येत नाहीं, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हा 'व्हीगन' प्रकार काय आहे, तें आधीं सांगतों. इंग्लंडांत १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनीं 'व्हीगन सोसायटी' काढली. मांस न खाणारे लोक त्या देशांत त्यापूर्वींही होते; परंतु दूध व अंडीं यांतही जनावराला राबवावें लागतें, त्याचें पिलूं तोडावें लागतें, म्हणून तींही वर्ज्य करावींत, असें या मंडळींचें म्हणणें. मागाहून त्याला आणखी कारणें जोडलीं गेलीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं असा हिशेब मांडला कीं, माणसाच्या उद्योगांमुळें हवा तापविणारे जे वायु वातावरणांत जातात, त्यांतील सुमारें साडेचौदा टक्के पाळीव जनावरांच्या धंद्यांतून जातात. आज मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांत हा आहार कोणी दयेसाठीं, कोणी प्रकृतीसाठीं, कोणी पृथ्वीसाठीं आणि कोणी केवळ नवलाईसाठीं घेत आहेत.

आतां आमच्या घरचें ताट पाहूं. ज्वारी-बाजरीची भाकरी, ज्वारींत उडीद मिसळून दळलेला कळणा, पिठलें, झुणका, हुलग्याचे शेंगोळे व माडगें, मटकीची उसळ, तुरीचें वरण, लग्नाच्या पंगतींतील येसराची आमटी, पावसाळ्यांत बांधावरून खुडलेली तांदुळजा, घोळ, पाथरी, हिवाळ्यांत करडईचीं कोवळीं पानें, आणि उतरंडींत जवस, कारळें, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या. सणाच्या दिवशीं पुरणपोळी झाली, तर दूधतूप नसलेल्या घरीं गुळवणी आणि कटाची आमटी. यांत जनावराचें काय आहे? आमच्या आज्या-पणज्यांनीं हा स्वयंपाक कोणाचें पत्रक वाचून रचला नाहीं. कोरडवाहू रानानें जें दिलें, त्यांतून त्यांनीं तो बसविला. सुतार जसा वांकड्या लांकडांतूनही औत उभें करितो, तसें हें कसब आहे.

हें कसब किती खोल आहे, तें आहारशास्त्र आतां सांगूं लागलें आहे. ज्वारी-बाजरींतील प्रथिनांत जो अंश कमी पडतो, तो उडीद-तुरींत भरपूर असतो. डाळींत जो कमी, तो धान्यांत असतो. दोन्ही एकत्र खाल्लीं म्हणजे प्रथिन पुरें होतें. कळण्याची भाकरी, वरण-भाकरी, पिठलें-भाकरी यांचें मर्म तें हेंच. पालेभाजीवर लिंबू पिळलें कीं तिच्यांतील लोह अधिक अंगीं लागतें. शहरांतील दुकानांत जवसाची पुडी मोठ्या किंमतीस विकली जाते आणि आमचीं मुलें 'चटणी-भाकरी आणली' असें सांगावयास शाळेंत लाजतात! बाळांनो, लाजूं नका. ती चटणी तुमच्या आजीची विद्या आहे.

इतका अभिमान धरूनही आम्ही येथें थांबलों, तर तो वाचकांचा विश्वासघात होईल. कारण गरिबाच्या ताटाची स्तुति करणारे लोक फार वाढले आहेत, आणि ती स्तुति फसवी आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील १०० मुलांपैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकीं ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी. सहा महिने ते पांच वर्षांच्या १०० मुलांपैकीं जवळजवळ ६९ मुलांची तीच गत. शाळेंत सकाळच्या प्रार्थनेला उभें असतांना घेरी येऊन खालीं बसणारीं मुलें आम्ही दरसाल पाहतों. अशा घराला "तुमचें अन्न किती सात्त्विक!" म्हणून शाबासकी देणें म्हणजे उघड्या माणसाच्या वैराग्याची तारीफ करणें होय. सोडण्यांत पुण्य असेल, तर तें ज्याच्यापाशीं होतें त्याला. ज्याला मिळालेंच नाहीं, त्यानें काय सोडलें?

या प्रश्नाकडे आमच्या गांवांत कोण कसें पाहतो, तेंही पाहूं. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील १५ वर्षांवरील सुमारें ४० टक्के माणसें शाकाहारी आहेत आणि ६० टक्के मांस, मासे वा अंडीं खाणारीं. म्हणजे एकाच आळींत दोन्ही चुली पेटतात. आमच्यांत माळकरी आहेत. गळ्यांत तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून त्यांनीं मांस सोडलें. तें कोणाच्या धाकानें नव्हे, स्वतःच्या श्रद्धेनें. त्यांच्या शब्दाचा आम्हांस आदर आहे. गाडगेबाबा परटाच्या घरीं जन्मले. त्यांनीं मुलीच्या बारशाला मटण व दारू यांऐवजीं गोडाचें जेवण घातलें आणि पुढें जन्मभर जत्रांतील बोकडांच्या कत्तलीविरुद्ध खराट्यासारखी वाणी चालविली. बोकडाच्या जिवाबरोबर त्यांना कर्ज काढून नवस फेडणाऱ्या गरिबाच्या घराचीही काळजी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडला आपल्या बांधवांस मेलेल्या जनावराचें मांस सोडावयास सांगितलें, तें स्वाभिमानासाठीं. हे सर्व त्याग आपल्या माणसांनीं आपल्या माणसांस, पंक्तीला बसून सांगितलेले आहेत.

दुसरी तऱ्हा निराळी आहे. आपण काय खात नाहीं यावरून आपली पायरी वर, आणि दुसरा काय खातो यावरून त्याची पायरी खालीं, असा हिशेब मांडणारी ती तऱ्हा. तिनें या देशांत माणसांची उतरंड रचली. मराठवाड्यांतील लेखक शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हें पुस्तक प्रसिद्ध करून महार व मांग घरांतील स्वयंपाक लिहून ठेवला. ज्या चुलींवर तेल, तूप, दूध हीं क्वचितच दिसत, आणि दुसऱ्यांनीं टाकलेलें मांस वाळवून तें पुरवून खावें लागे, त्या चुलींचा तो लेखी पुरावा आहे. ज्यांनीं त्या घरांस तूप मिळूं दिलें नाहीं, त्यांनींच त्या घरांस 'अभक्ष्य खाणारे' म्हणून वेशीबाहेर ठेवलें! आतां व्हीगन हा नवा शब्द आला म्हणून जुनें सोवळेंच नवीं वस्त्रें नेसून पुन्हां पंक्तींत येणार असेल, तर त्याला दारांतच ओळखलें पाहिजे. शहरांत 'मांस खाणाऱ्यांस घर भाड्यानें मिळणार नाहीं' असें सांगणारे घरमालक पाहिले म्हणजे हें भय पोकळ नाहीं, हें दिसतें. खाणावळींतील त्या तरुण जोडप्यांत मात्र तें सोवळें नव्हतें. त्यांनीं आपल्या ताटापुरतें मागितलें. शेजारच्या बाकावर कोण काय खातो, हें पाहिलें नाहीं.

याचा निवाडा शोधावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. आमच्या घाटाखालींच लेणीं आहेत. पहिल्या लेण्यांत शिबि राजा पारव्याच्या जिवासाठीं आपलें मांस देतो. सतराव्या लेण्यांत छद्दंत हत्ती आपल्या मारेकऱ्यालाच दांत देऊन टाकतो. सोळाव्यांत सुजाता सिद्धार्थाला खीर अर्पण करिते. प्राणिमात्रावरील दयेचा धडा आमच्या भागांतील कारागिरांच्या हातांनीं दगडावर लिहिलेला आहे. पण ज्या भिक्षूंसाठीं हीं लेणीं कोरलीं, त्यांचा नियम काय होता? विनयपिटकांत गोष्ट आहे कीं, देवदत्तानें बुद्धाकडे पांच मागण्या केल्या. त्यांतील एक अशी कीं, भिक्षूंनीं जन्मभर मासे-मांस खाऊं नये, असा सर्वांस नियम करावा. बुद्धानें तो सक्तीचा नियम केला नाहीं. जो प्राणी आपल्यासाठीं मारलेला पाहिला, ऐकला वा तसा संशय आला, त्याचें मांस घेऊं नये. एरव्हीं भिक्षापात्रांत जें पडेल तें घ्यावें, हाच नियम त्यानें कायम ठेवला. दारोदार मागणाऱ्यानें गरिबाच्या चुलीला नांवें ठेवूं नयेत, असा आम्ही त्याचा अर्थ घेतों.

बुद्धाचें अखेरचें जेवण चुंद नांवाच्या लोहाराच्या घरीं झालें. त्यांतील 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचें मांस कीं एखादें अळंबें, यावर पंडितांचा वाद अद्याप चालूच आहे. धर्मानंद कोसंबी यांनीं 'भगवान बुद्ध' या ग्रंथांत त्याची उघड चर्चा केली आहे. परंतु त्या वादाहून मोठी गोष्ट पुढें आहे. त्या जेवणानंतर दुखणें वाढलें, तेव्हां लोक चुंदाला बोल लावतील हें जाणून बुद्धानें आनंदाला सांगितलें कीं, ज्ञानप्राप्तीपूर्वीं मिळालेलें अन्न आणि हें अखेरचें अन्न, या दोन्ही दानांचें फळ सारखेंच. एकीकडे सुजातेची खीर, दुसरीकडे लोहाराच्या घरचा घास. दोहोंची योग्यता एक! आणि अशोक राजानें आपल्या पहिल्या शिलालेखांत काय लिहविलें? पूर्वीं आपल्या मुदपाकखान्यांत रोज लाखों प्राणी मारले जात. आतां दोन मोर व एक हरिण एवढेच, आणि पुढें तेही नाहींत. त्यानें मागाहून इतरांसाठींही हुकूम काढले, हें खरें. पण त्या लेखांत त्यानें आपल्या चुलीचा हिशेब उघड मांडला. आजच्या किती उपदेशकांनीं तो मांडला आहे?

आमच्या राज्यांत हुकूम निघाले, ते दुसऱ्याच्या चुलीवर. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. मे २०१६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती बंदी कायम ठेवली. परंतु परराज्यांत कापलेल्या जनावराचें मांस घरीं बाळगणें हा गुन्हा ठरविणारें कलम रद्द केलें. कायदा करणाऱ्यांनीं थकलेल्या बैलाचा वैरणपाण्याचा भार मात्र ज्याच्या दावणीला तो बांधलेला आहे, त्याच्याच डोक्यावर ठेवला. पोळ्याला आम्ही बैलाला पुरणपोळी चारतों, त्याच्या पायांवर पाणी घालतों. त्याच्यावरील माया आम्हांस कोणीं शिकवावयास नको. पण दुष्काळांत कडबा संपला म्हणजे मायेनें दावण भरत नाहीं.

याहून आम्हांस लागलेली गोष्ट शाळेची आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें शासनानें दुपारच्या शालेय जेवणांत आठवड्यांतून एक अंडें देण्याचें ठरविलें. जीं मुलें अंडें खात नाहींत, त्यांना केळें. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असतें. ज्या दिवशीं अंडें, त्या दिवशीं हजेरीचे रकाने कसे भरत, हें आम्हीं स्वतः लिहिलें आहे. माळकऱ्याचा मुलगा केळें सोली, शेजारचा मुलगा अंडें सोली. दोघे एकाच पंक्तींत बसत, आणि कोणाचाही धर्म बुडाला नाहीं. मग जानेवारी २०२५ मध्यें शासनानें या अंड्यांसाठीं स्वतंत्र पैसा देणें बंद केलें आणि शाळांनीं तो लोकवर्गणींतून उभारावा, असें सांगितलें. ज्यांच्या घरीं दोन वेळच्या भाकरीची चिंता, त्यांच्याकडे मास्तरांनीं अंड्यासाठीं झोळी पसरावी! आपल्या मर्जीनें अंडें सोडलेल्यास आम्ही हात जोडतों. पण मुलाच्या ताटांतून तें दुसऱ्यानें उचलून घेणें याला त्याग म्हणत नाहींत.

तथापि व्हीगन मंडळींच्या म्हणण्यांत जें खरें आहे, तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. म्हैस व्याली आणि रेडकूं झालें, कीं त्याला किती थेंब पोटभर मिळतात, हें आपण सर्व जाणतों. तें दारांत खंगून मरतें. मग त्याच्या कातड्यांत भुसा भरून तें म्हशीपुढें ठेवून पान्हा काढावयाचा, ही रीतही आपल्या डोळ्यांदेखतची आहे. टोंचून दूध उतरविणारेही आहेत. यांत क्रूरपणा नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु त्याच दुधाच्या पैशावर कितीएक बायकांच्या हातीं आठवड्याचा मिठा-मिरचीचा खर्च येतो. कापूस, मका, मिरची यांचा भाव पडला तरी तो येतो. जो कोणी दूध सोडावयास सांगतो, त्यानें त्या बाईच्या हातीं दुसरें काय देणार, हेंही सांगितलें पाहिजे. तोंवर रेडकाच्या वाट्याचा एक सड त्याला सोडणें आणि टोंचणें बंद करणें, एवढें तर आज आपल्या हातांत आहे.

ज्यांना मनापासून सर्व प्राणिज अन्न सोडावयाचें आहे, त्यांनीं तें जरूर सोडावें, पण समजून सोडावें. कोणत्याही धान्यांत, डाळींत वा भाजींत ब-१२ हें जीवनसत्त्व भरवंशाचें मिळत नाहीं. तें १९४८ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. तें कमी पडलें म्हणजे थकवा येतो, हातापायांस मुंग्या येतात, आणि पुढें मज्जातंतूंची कायमची हानि होऊं शकते. म्हणून दूधही सोडणाऱ्यानें, विशेषतः गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईनें, डॉक्टरांस विचारून त्याची गोळी घेतलीच पाहिजे. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दूध सोडलें. १९१९ च्या आजारपणांत त्यांना शेळीचें दूध घ्यावें लागलें, आणि आपल्या प्रतिज्ञेचें अक्षर राखलें पण भाव राखला नाहीं, अशी कबुली त्यांनीं आत्मचरित्रांत दिली. शरीर कोणाच्याही निश्चयाची परीक्षा घेतें.

दुधाच्या जागीं घरांत काय आहे? शेंगदाणे रात्रभर भिजवावे, सालें काढून बारीक वाटावे, चौपट पाणी घालून गाळावें व चांगलें उकळावें. भाजीच्या रशाला, खिरीला तें चालतें. बुरशी आलेला दाणा मात्र टाकून द्यावा. तिळांत चुन्याचा अंश दुधाहून कितीतरी अधिक. तो सगळा अंगीं लागत नसला, तरी रोजची चमचाभर तिळाची चटणी वायां जात नाहीं. सोयाबीन आपण पोत्यांनीं पिकवितों आणि पोत्यांनींच विकतों. तें चांगलें भाजून, भाकरीच्या दहा भाग पिठांत एक भाग दळून घातलें, तर मुलांच्या अंगीं लागेल. कच्चें मात्र खाऊं नये. तें पोटाला बाधतें. आणि हे सर्व जिन्नस पिकविणाऱ्या घरानें विकण्यापूर्वीं आपल्या चुलीपुरते काढून ठेवावेत.

असो. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आमचें मागणें थोडें आहे. डेअरीचा कॅन भरण्याआधीं घरांतील प्रत्येक मुलाच्या नांवानें एक पेला दूध बाजूला काढा. चार पैसे कमी आले तर येऊं द्या. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत, त्यांनीं आठवड्याचीं चार अंडीं शाळेला द्यावीं, ज्यांच्या रानांत केळी आहे त्यांनीं चार केळीं द्यावीं. आणि अंड्यांचा बंद केलेला पैसा पुन्हां सुरू करा, अशी मागणी प्रत्येक ग्रामसभेनें ठरावानें करावी. ही भीक नव्हे. आपण भरलेल्या कराचा हा आपल्याच मुलांचा वांटा आहे. माळकऱ्याच्या व्रताची थट्टा करूं नका, आणि मटण शिजविणाऱ्या शेजाऱ्याकडे नाक मुरडूं नका.

त्या खाणावळींतील नातवाला आज दूध मिळूं द्या, अंडें मिळूं द्या, शाळा मिळूं द्या. मोठा झाल्यावर यांतील काय ठेवावें आणि काय सोडावें, तें तो स्वतः ठरवील.